ओवाळणीतली डिस्क

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की ते आधी माझ्याकडे बघायचं आणि मग माझ्या खांद्यावरून आत बघायचं. आत कोणीतरी पुरुष बसला असेल आणि तो उठून येईल, अशी त्याची समजूत. आत असायचा एक टेबल फॅन आणि पोट उघडून ठेवलेले चार-पाच संगणक. "साहेब कधी येतील?" असं विचारलं की मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता सांगायची, "आलेत. बोला." अलिबागला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत संगणक जोडायचं आणि दुरुस्त करायचं दुकान मी इतकी वर्षं चालवलं की शेवटी शेवटी हा प्रश्न विचारणारेच उरले नाहीत. खरं सांगते, मला त्याची थोडी चुटपुट लागली. ते वाक्य टाकायला मला मजा यायची.

आता दुकान बंद आहे. संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मी या धंद्यात कशी शिरले, घरचे काय म्हणाले, पहिला संगणक कुठला, हे सगळं मी गाळणार आहे. त्यात मलाच रस नाही, तुम्हाला कुठून असणार?

आमच्या किनाऱ्यावर संगणकाला व्हायरसपेक्षा हवेचं भय जास्त. समुद्राची खारी हवा पंख्याबरोबर आत शिरते आणि तांब्या-पितळेवर, स्क्रूवर, जोडांवर बसून राहते. "चालूच होत नाही" म्हणून आलेल्या संगणकांतले निम्मे मी खोडरबराने बरे केले आहेत. मेमरीची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला साधा खोडरबर फिरवायचा, परत बसवायची. गिऱ्हाइकाला वाटायचं बाई फसवतेय, एवढ्यात कसं झालं? मुरुडच्या एका लॉजवाल्याने तर माझ्यावरही कडी केली. गंज धरू नये म्हणून खिडकीच्या ग्रिलला मारतात तो लाल रंग त्याने संगणकाच्या आत मारला, भोकं, पंखा, कशालाही न सोडता. वर मला म्हणाला, "मॅडम, दोन हात मारलेत, तरी बंद पडला." मी त्या संगणकाला हात जोडले. तो संगणक मग बरेच दिवस त्यांच्या काउंटरवर रजिस्टर ठेवायला स्टूल म्हणून होता.

पण हसण्यासारखी गिऱ्हाइकं थोडी. जास्त करून लोक माझ्याकडे यायचे ते सगळं गेल्यावर. बंद पडलेली डिस्क रुमालात गुंडाळून आणायचे आणि ती टेबलावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. त्यात कुणाच्या बायकोचे शेवटचे फोटो असायचे, कुणाच्या मुलाचं बारसं असायचं. मी प्रयत्न करायची, पुष्कळदा जमायचं, पुष्कळदा नाही. नाही म्हणून सांगायची वेळ आली की मला राग यायचा, डिस्कचा नव्हे, माणसांचा. आणखी एक कॉपी ठेवायला काय झालं होतं यांना? तो राग मी तोंडावर बोलून दाखवायची. त्यामुळे माझी जीभ तिखट अशी गावात ख्याती झाली, आणि ती चुकीची नाही.

म्हणून उरणकडचा हरेश पाटील काही बिघडण्याआधी माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला खुर्ची दिली. एरवी देत नसे.

हरेशचे ट्रेलर आहेत, बंदरातून कंटेनर वाहणारे. धिप्पाड माणूस, गळ्यात जाड साखळी, आवाज असा की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून बघितलं. करंजाहून लाँचने रेवसला उतरून तो मुद्दाम माझ्याकडे आला होता.

"ताई, कॉम्पुटर पायजे. सगल्यात भारी. काचंचा, आतमंदी लाइटी पेटतान, तसला."

"गेम खेळायचेत?"

"नाय ओ. आयचा आवाज ठेवाचा हाय."

मग त्याने सांगितलं ते असं. त्याची आई हिराबाई ही धवलारीण. आगरी लग्नात भटजी असतोच, पण धवलारणीशिवाय मांडवात पान हलत नाही. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो, आणि तो गाऊन ती देवांना, पितरांना, गावाच्या सीमेला लग्नाचं आवतण देते. हे सगळं पाठ असतं. एक बाई दुसरीच्या मागे बसून वर्षानुवर्षं ऐकते आणि शिकते. हिराबाईंनी उरण-पनवेलकडच्या किती गावांत लग्नं लावली याचा हिशेब त्यांनाही नव्हता. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, बोलता येत नव्हतं.

हरेश मग त्या सगळ्या गावांतून फिरला. ज्यांच्या लग्नात आई गायली होती त्यांच्या कपाटातून त्याने जुन्या व्हिडिओ कॅसेट मागून आणल्या. त्यांना बुरशी आलेली. पनवेलच्या एका माणसाने त्या कशाबशा चालवून त्यातलं गाणं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं, आणि उतरवता उतरवता बऱ्याच कॅसेटी तुटल्या. म्हणजे पेनड्राइव्हवर होतं तेवढंच जगात उरलं होतं. तो पेनड्राइव्ह हरेशने खिशातून काढून माझ्यापुढे ठेवला, ट्रेलरच्या किल्लीबरोबर एकाच कडीत अडकवलेला.

"पोरीचा लगीन करायचाय पुडल्या वरसाला," तो म्हणाला. "आयला शब्द दिलाय. दुसरी धवलारीन आनाची नाय. नातीच्या लग्नात आयचाच धवला."

त्याच्या घरी जी पेटी हवी होती तिला आम्ही सर्व्हर म्हणतो. नाव मोठं आहे, वस्तू साधी. घरात एका कोपऱ्यात एक संगणक बसवायचा, त्याला पडदा नाही, की-बोर्ड नाही. तो दिवसरात्र चालू राहतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप त्याच्यात जमा होतात आणि त्याच्यात ठेवलेली गाणी, व्हिडिओ घरातल्या टीव्हीवर लावता येतात. बस्स, एवढंच. हरेशच्या डोक्यात मात्र रॉकेट होतं. त्याने कुठूनतरी पाहून ठरवलेल्या वस्तू तो बोटांवर मोजून सांगायला लागला: सगळ्यात मोठा प्रोसेसर, गेमचं ग्राफिक कार्ड, काचेची पेटी, निळे-जांभळे दिवे.

मी एकेक बोट खाली करत गेले. प्रोसेसर लहान चालेल, हल्लीचे टीव्ही बरंचसं काम स्वतःच करतात. ग्राफिक कार्ड अजिबात नको, नुसती उष्णता. काच नको, आत हवा खेळली पाहिजे आणि हवेच्या तोंडाला धुता येईल अशी जाळी पाहिजे. पंखा मोठा आणि हळू फिरणारा, म्हणजे खारी हवा कमी ओढली जाते. पैसे वाचवायचे तिथे वाचव, पण पॉवर सप्लाय चांगला घे. लोक पाच हजारांच्या वस्तूला पाचशेचा पॉवर सप्लाय लावतात आणि तो मरताना सगळ्यांना घेऊन मरतो. शिवाय यूपीएस पाहिजे, कारण तुमच्याकडे लाइट कशी जाते-येते ते मला माहीत आहे. आणि डिस्क घ्यायच्या त्या दिवसरात्र चालण्यासाठी बनवलेल्या, दोन, आणि दोन वेगळ्या दुकानांतून. एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क पुष्कळदा एकदमच आजारी पडतात.

"दोन कशाला?"

"तुझ्या ट्रेलरला मागे जोडटायर का असतात?"

"एक फुटला तं दुसऱ्यावर गाडी घरी येते."

"तसंच. जे एका डिस्कवर लिहिलं जाईल तेच दुसरीवर. आता मला सांग, अख्खा ट्रेलरच खाडीत गेला तर?"

"शुभ बोला ओ ताई!" त्याने टेबलाच्या लाकडाला हात लावला.

"शुभच बोलतेय. दोन्ही टायर बुडतील. म्हणून तिसरी डिस्क पाहिजे. ती या पेटीत नाही, या घरात नाही, दुसऱ्या घरात. तिच्यावर सगळं उतरवायचं, डब्यात बंद करून ठेवायची आणि हात लावायचा नाही. खाडीच्या अलीकडे तुझं कोण आहे?"

 तेवढा मोठा माणूस खुर्चीत आखडून बसला.

"भयीन हाय. थलला. पन तिकडं नको."

थळला त्याची धाकटी बहीण वनिता दिली होती. आईला झटका आला तेव्हा वनिता म्हणाली, मी नेते आईला, मी सांभाळते. हरेश म्हणाला, मुलगा असताना आई लेकीच्या दारात, लोक काय बोलतील? त्यावरून दोघांत जे वाजलं, त्यानंतर बोलणं बंद.

"ज्याला ही गाणी ऐकावीशी वाटतील, अशाच माणसाकडे ती ठेवायची असतात," मी म्हटलं. "नाहीतर ते डिस्कवर दुसरंच काहीतरी भरतात."

 मी पेटी जोडून दिली, त्याच्या घरी जाऊन बसवली. तिसरी डिस्क हवाबंद झाकणाच्या डब्यात घालून, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून, त्याच्या हातात दिली. पेटी लावल्यावर हिराबाईंचा धवला टीव्हीतून पहिल्यांदा घरात घुमला, तेव्हा त्या ओटीवर खुर्चीत बसलेल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. डावा हात तेवढा खुर्चीच्या दांड्यावर ताल धरू लागला. त्यांची सून पदराने डोळे पुसत आत गेली, आणि माझंही जरा तसंच झालं. पेनड्राइव्हवर हरेशने नंतर गाडीत ऐकायला हिंदी गाणी भरली. भरणारच. ट्रेलरवाल्याच्या हाती रिकामा पेनड्राइव्ह राहत नाही, आणि भरलेला त्याला रिकामाच वाटतो.

वर्ष गेलं. दसऱ्याच्या दिवशी दुपारी हरेशच्या बायकोचा फोन आला. नुसतं "ताई, या," म्हणाली आणि रडायला लागली.

काय झालं होतं ते त्या अंगणात पोचताच कळलं, कोणी सांगायची गरज पडली नाही. ट्रेलरवाल्यांचा दसरा म्हणजे गाड्यांचा सण. आदल्या दिवशी सगळ्या गाड्या धुऊन पुसून रांगेत उभ्या करतात आणि दसऱ्याला हार, हळदकुंकू, नारळ. घरात ज्याला मोटर आहे त्या सगळ्याची पूजा होते, मिक्सरचीसुद्धा. हरेशला वाटलं, आईचा आवाज ज्या पेटीत आहे ती काय मिक्सरपेक्षा हलकी? त्याने ती अंगणात आणली. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरने तिच्यातली धूळ उडवली. झेंडूचा हार घातला. गाडीची पूजा इंजिन चालू ठेवून करायची असते, बंद गाडीची पूजा म्हणजे अपशकुन, म्हणून त्याने लांब वायर आणून पेटी चालू केली. मग नारळ फोडला आणि बॉनेटवर शिंपडतात तसं नारळाचं पाणी वरून शिंपडलं. वरच्या जाळीतून ते थेट आत गेलं.

मी पेटी उघडली. दोन्ही डिस्कच्या पाठीवरचे बोर्ड करपलेले. इतकी वर्षं गंज, उंदीर, पाल, मुंग्या, लाल रंग, सगळं पाहिलं होतं, पण मनोभावे केलेल्या पूजेने संगणक मेलेला हा एकच. एरवी मी तिथल्या तिथे तोंड सोडलं असतं. पण हरेश पायरीवर डोकं धरून बसला होता, कपाळावर त्याच पूजेचं कुंकू, आणि ओटीवर हिराबाई सगळं बघत होत्या. शिव्या माझ्या तोंडातच राहिल्या.

"तिसरी डिस्क कुठाय?" मी विचारलं.

"मागल्या भाऊबीजेला गेल्तो थलला," तो खाली बघूनच बोलला. "पाटावर बसलो. तिनं ओवाललं. मी ताटात तो डबा ठेवला न् उठलो. कोन काय बोल्ला नाय. तिनं ठेवलाय का फेकलाय, मना ठाव नाय."

"फोन कर."

"नाय होत ओ ताई."

लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेचचं ठरलेलं. मी त्या जळक्या डिस्क मुंबईला एका जाणकाराकडे पाठवल्या, पण फार आशा नव्हती, आणि पुढे त्या तशाच परत आल्या. खरी आशा त्या ताटातल्या डब्यावर होती. भाऊ फोन करेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच रिक्षाने थळला गेले.

वनिता अंगणात सुपात जवळा निवडत होती. हरेशचंच नाक, हरेशचाच आवाज, फक्त माप लहान. तिने मला बस म्हटलं नाही.

"तुमी त्या कॉम्पुटरवाल्या ना? त्यानं धाडलं?"

"नाही. मीच आले."

"जलली ना पेटी? ठाव हाय मना. लाँचला येनाऱ्या बाया सगलं सांगतान."

"तुझ्याकडे डबा दिला होता..."

"सगल्यांचे भाव ओवालनीत साडी टाकतान," ती सुपातली नजर न काढता म्हणाली. "माज्यानं डबडा टाकला. न् तोंडातून एक शब्द नाय."

"फेकलास का?"

तिने सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि आत चल अशी मान हलवली. आत गेले तर तो डबा फळीवर दिसला. मी हात लावला. आत आंबोशी, वाळवलेल्या कैरीच्या फोडी, भरलेली.

"झाकन घट्ट बसतं," वनिता म्हणाली. "पावसालाभर मऊ नाय पडली."

मी बाकीची फळी चाचपली. तेवढ्यात टीव्हीच्या मागे नजर गेली. डिस्क तिथे होती. वायरीवर लोंबकळत, खिडकीसमोर, समुद्राच्या वाऱ्यात, पण होती. मी ती आधी खिडकीसमोरून बाजूला घेतली.

"रोज लावतेस?"

"रोज. भाकऱ्या करताना."

"कधी पडली होती?"

"येकदाच. मांजरीनं पाडली, चालू होती तवा. मग जरा अडखलत बोलतं, पन बोलतं."

जी डिस्क डब्यात बंद राहायची, ती या बाईने वर्षभर रोज चालवली होती. नियमाने मी तिला झापायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण तिने ती लावली नसती तर ओवाळणीतलं डबडं खरोखरच कुठे गेलं असतं कोण जाणे, असं वाटलं आणि मी फक्त "आता लावू नकोस," एवढं म्हटलं.

डिस्क मी एकटीच नेणार होते, पण वनिताने ते होऊ दिलं नाही. ती पदराखाली डिस्क धरून माझ्याबरोबर रिक्षात बसली, दुकानात आली आणि हरेशला दिली होती त्याच खुर्चीत बसली. डिस्कच्या तोंडाला गंज धरलेला. मी खोडरबर काढला. वनिता बघत राहिली, पण हसली नाही.

पडलेल्या डिस्कवरून माल उतरवणं म्हणजे जखमी माणसाकडून हकीकत काढून घेणं. घाई केली की तो गप्प होतो. एकेक फाइल मागायची, अडली तर सोडून पुढे जायचं, शेवटी परत वळायचं. मांडवाचा धवला आला. देवांच्या आवतणाचा आला. घाण्याचा आला, तेलाचा आला, हळदीचा आला. प्रत्येक आला की मी नाव सांगायची आणि वनिता मान हलवायची. दुपार कलली. एकच राहिला, हळद उतरवायचा, शेवटचा. तो अर्ध्यावर येऊन थांबायचा. मला येत होतं ते सगळं मी केलं, डिस्क उलटी करून पाहिली, थंड होऊ देऊन पाहिली. डिस्कचा तेवढाच भाग मांजरीने खाल्ला होता.

"एक अर्धाच आला गं," मी म्हटलं. मी स्वतःच रडायच्या बेतात होते.

"आसू दे," वनिता म्हणाली. फारच पटकन म्हणाली, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही.

मी हरेशला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. "हरेश, आवाज मिळाला. एक अर्धा सोडून सगळा."

 पलीकडून तेवढ्या मोठ्या माणसाच्या रडण्याचा आवाज आला.  वनिता फोनकडे वाकली.

"आय जेवली का?" तिने विचारलं.

पलीकडून उत्तर आलं. "जेवली."

"काय जेवली?"

"पेज. न् बोंबलाचा कालवन."

"तिखट नको घालू तिला," वनिता म्हणाली, आणि तिने पुढे बरंच काही सांगितलं, पेज कशी करायची इथपासून. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. छातीवरचा दगड उतरला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. चहा मागवला आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही पाजला, तर तो घाबरला.

नवी पेटी जोडताना हरेशने काचेचं नाव काढलं नाही. "ह्या येली तुमी सांगाल तसा," म्हणाला. मी सांगितलं तसंच केलं त्याने, आणि पेटीवर मी स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी चिकटवली: "नारळ फोडू नये." ती अजून आहे म्हणतात.

लग्नाला मला नुसतं आवतण नव्हतं, काम होतं. मांडवात मोठे स्पीकर, घरातल्या पेटीला जोडलेले, आणि रिमोट माझ्या हातात. मला वाटलं सोपं आहे. बायका घाणा भरायला बसल्या, मी बटण दाबलं, धवला सुरू झाला. हिराबाईंनी डावा हात वर केला. मला कळेना. त्यांनी हात आणखी ताठ केला, डोळे वटारले. मी बंद केलं. बायकांचं अजून नीट मांडून झालेलं नव्हतं, आणि माझा धवला विधीच्या पुढे पळत होता. सगळं मांडून झाल्यावर हिराबाईंनी हात खाली आणला. मी बटण दाबलं.

मग दोन दिवस तेच. हात वर, बंद. हात खाली, चालू. मधे कोणाची आरती विझली, कोणाचं बाळ रडलं, हात वर. मी आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही, पण त्या बाईचं ऐकलं. वाचा गेलेली माणसं बिचारी असतात असं मी समजत होते, आणि ती समजूत त्या मांडवात दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकली नाही.

शेवटी हळद उतरवायची वेळ आली. नवरी पाटावर बसली. मी हिराबाईंजवळ जाऊन कानात सांगितलं, "आई, हा अर्धाच आहे. मधेच थांबेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या रिमोटवर आपला तळवा ठेवला आणि तो दाबून खाली केला. हात उचलून बोट दाखवलं ते वनिताकडे.

"नको गो आय," वनिता मागे सरली. "मना नाय यायचा."

बोट हललं नाही. वनिता पुढे आली, आईच्या पायाशी बसली, डोक्यावर पदर घेतला आणि तिने आवाज लावला. पहिल्या शब्दाला आवाज कापरा होता, दुसऱ्याला नव्हता.  रोज भाकऱ्या करताना ऐकलेला, मांजरीने पाडायच्या आधी पूर्ण ऐकलेला तो धवला ती आईच्याच चालीत गात होती. एका कडव्याला ती चुकली. हिराबाईंनी दांड्यावर दोनदा टकटक केलं. वनिता मागे गेली आणि ते कडवं परत घेतलं. यंत्र जिथे थांबायचं तिथून ती पुढे गेली, आणि हिराबाईंचा डावा हात ताल धरून राहिला.

हरेश माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. हळदीने पिवळा झालेला, डोळे वाहताहेत. त्याने फोन उंच धरला होता, रेकॉर्डिंग चालू. इतकं होऊनही तो काही शिकला नाही असं मला कोणी म्हणू नये, कारण त्याने वाकून हळूच विचारलं,

"ताई, ह्याची येक कापी थलला ठेवाची ना?"

"ठेवलेली आहे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग बहिणीकडे. मग त्याने फोन खाली घेतला आणि नुसतं ऐकायला लागला.